टक्केवारी, पात्रता आणि दावा : अपंगत्वविषयक शासकीय लाभांचा इतिहास (एकलहरे, जि. नाशिक या औद्योगिक परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

अपंगत्व ही शरीराची अवस्था आहे की कमावण्याच्या क्षमतेची, की समाजाने उभ्या केलेल्या अडथळ्यांची, हा प्रश्न तत्त्वचर्चेपुरता मर्यादित नाही. भारतात गेल्या शंभर वर्षांत झालेल्या कायद्यांनी या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे दिली. ती सर्व उत्तरे आजही कोणत्या ना कोणत्या स्वरूपात एकाच वेळी अमलात आहेत. परिणामी एकाच माणसाचे एकच अपंगत्व एका कार्यालयात लाभास पात्र ठरते आणि दुसऱ्या कार्यालयात अपात्र ठरते. अर्जदाराला हा विरोधाभास अन्यायासारखा वाटतो. कार्यालयाच्या दृष्टीने मात्र दोन्ही निर्णय नियमानुसार असतात. हे कसे घडले याचे उत्तर नियमपुस्तिकेपेक्षा इतिहासात अधिक स्पष्टपणे सापडते.

प्रस्तुत लेखात १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा, १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, १९८० पासूनची महाराष्ट्राची संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि १९९५ व २०१६ चे अपंग व्यक्तींविषयीचे कायदे या चार टप्प्यांचा क्रमाने विचार केला आहे. प्रत्येक टप्प्यावर पात्र कोणाला मानले, पात्रता कोणी ठरवली आणि दावा सिद्ध करण्याचा भार कोणावर ठेवला, हे तीन प्रश्न समोर ठेवले आहेत. विवेचनाला स्थळाचा आधार असावा म्हणून नाशिक तालुक्यातील एकलहरे हा परिसर निवडला आहे, कारण हे चारही मार्ग येथे एकमेकांना छेदतात.

परिसराची पार्श्वभूमी

एकलहरे हे नाशिकरोडजवळ, गोदावरीच्या खोऱ्यातील गाव. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने येथे औष्णिक वीज केंद्र उभारले आणि गावाचे नाव राज्याच्या औद्योगिक नकाशावर आले. सत्तरच्या दशकाच्या आरंभी पहिले दोन संच सुरू झाले. १९७९ ते १९८१ या काळात प्रत्येकी २१० मेगावॅट क्षमतेच्या तीन संचांची त्यांत भर पडली. जुने दोन संच पुढे कालबाह्य ठरून बंद करण्यात आले. २००५ मध्ये विद्युत मंडळाचे विभाजन झाल्यावर हे केंद्र महानिर्मिती कंपनीकडे आले.

औष्णिक केंद्र म्हणजे कोळशाची उतराई, वाहक पट्टे, बाष्पक, टर्बाइन आणि राखेची विल्हेवाट. उष्णता, धूळ, आवाज आणि फिरती यंत्रे हे या कामाचे नित्याचे सोबती होत. अशा केंद्रात कायम कर्मचाऱ्यांच्या बरोबरीने कंत्राटदारांमार्फत आलेले मजूरही काम करतात. केंद्राभोवती शेती करणारी कुटुंबे आहेत. थोड्या अंतरावर नाशिकरोडची भारत प्रतिभूती मुद्रणालय व चलार्थपत्र मुद्रणालय ही जुनी सरकारी मुद्रणालये, सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहती आणि देवळाली-नाशिकरोड पट्ट्यातील लष्करी तोफखान्याच्या संस्था आहेत. कायम नोकरदार, कंत्राटी मजूर, शेतमजूर आणि निवृत्त सैनिक शेजारी शेजारी राहतात. यांपैकी कोणालाही अपंगत्व आले तर त्याला ठोठवावे लागणारे दार मात्र वेगळे असते.

पहिला टप्पा : मजुरीच्या मोजपट्टीवरील शरीर

पहिल्या महायुद्धानंतर गिरण्या, रेल्वे व खाणी यांतील अपघातांचा प्रश्न तीव्र झाला. तोपर्यंत जखमी कामगाराला मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागे आणि तेही सामान्य दिवाणी दाव्याने. कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ मध्ये संमत झाला व १ जुलै १९२४ पासून अमलात आला. कामाच्या ओघात आणि कामामुळे अपघात झाला असेल तर मालकाचा दोष असो वा नसो, भरपाई देणे त्याच्यावर बंधनकारक ठरले. मुंबईत सोशल सर्व्हिस लीगच्या माध्यमातून कामगारवस्तीत काम करणारे नारायण मल्हार जोशी या काळात मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांचे प्रतिनिधी होते. पुढे १९२९ ते १९३१ च्या शाही कामगार आयोगाचेही ते सदस्य होते. या आयोगाच्या शिफारशींनंतर १९३३ मध्ये कायद्याचा विस्तार करण्यात आला.

या कायद्याचा गाभा त्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. कोणता अवयव गेला तर कमावण्याची क्षमता किती टक्क्यांनी घटली असे समजावे, याचा तक्ता तेथे दिला होता. मूळ तक्त्यात कोपरापासून वर उजवा हात गेल्यास ७० टक्के आणि डावा हात गेल्यास ६० टक्के घट धरलेली होती. उजव्या-डाव्यातील हा फरक बोलका आहे. कायद्याने येथे शरीराची नव्हे, तर राबणाऱ्या हाताची किंमत केली. पुढे दुरुस्त झालेल्या तक्त्यातून हा फरक गेला, पण मूळ कल्पना तीच राहिली. या तक्त्यात अंगठा पूर्ण गेल्यास ३० टक्के, एका हाताची चारही बोटे गेल्यास ५० टक्के, दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गेल्यास ४० टक्के असे आकडे आहेत.

तक्त्यात नसलेल्या दुखापतींसाठी कायद्याने अर्हताप्राप्त वैद्यकीय व्यावसायिकाचे मूल्यमापन ग्राह्य धरले. तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य आजारांचा समावेश झाला आणि आवाजामुळे येणारे बहिरेपण त्यांपैकी एक ठरले. मात्र त्यासाठी त्या मालकाकडे किमान सहा महिने सलग नोकरी असणे आवश्यक होते. वारंवार कंत्राटदार बदलणाऱ्या मजुराच्या दृष्टीने ही अट किती जाचक होती, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

कंत्राटी कामगारांच्या बाबतीत या कायद्याचे कलम १२ विशेष महत्त्वाचे होते. आपल्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले काम कंत्राटदाराकडून करून घेणारा मुख्य मालक भरपाईस जबाबदार राहील आणि ती रक्कम तो नंतर कंत्राटदाराकडून वसूल करू शकेल, अशी ही तरतूद होती. कंत्राटदार सापडत नाही, एवढ्या कारणाने जखमी मजुराचा दावा बुडू नये हा तिचा हेतू. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कलम १७ नुसार निरर्थक होता. हे दोन मुद्दे ठाऊक नसल्यास मजूर किरकोळ रकमेच्या पावतीवर अंगठा उठवून मोकळा होतो आणि दाव्याचा प्रश्न तेथेच संपतो.

तक्ता आणि माणूस : न्यायालयांची भूमिका

टक्क्यांचा तक्ता सोयीचा असला तरी तो सर्वांना सारखा लागू पडत नाही, हे न्यायालयांच्या लवकरच लक्षात आले. प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या प्रकरणात डिसेंबर १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल या दृष्टीने मूलगामी मानला जातो. जखमी कामगार सुतार होता आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. तक्त्याप्रमाणे हे अंशतः अपंगत्व ठरते, असा मालकाचा युक्तिवाद होता. सुतारकाम एका हाताने होत नाही. म्हणून त्या माणसापुरते हे संपूर्ण अपंगत्वच होय, असे न्यायालयाने मानले. भरपाईची रक्कम आयुक्तांच्या आदेशाच्या दिवशी नव्हे, तर अपघाताच्या दिवशीच देय होते, हेही याच निकालाने स्पष्ट केले.

ऑक्टोबर २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या मोटार अपघाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच विचार अधिक पद्धतशीरपणे मांडला. डॉक्टरांनी एखाद्या अवयवाच्या संदर्भात दिलेली टक्केवारी म्हणजे संपूर्ण शरीराची टक्केवारी नव्हे आणि संपूर्ण शरीराची टक्केवारी म्हणजे उत्पन्नातील घट नव्हे. जखमी व्यक्ती कोणते काम करीत होती, अपंगत्वानंतर त्यांपैकी काय करू शकते आणि दुसरे कोणते काम तिला जमेल, हे पाहूनच घट ठरवली पाहिजे. ही तिहेरी विभागणी भारतातील अपंगत्वविषयक दाव्यांची किल्ली आहे असे म्हणता येईल.

दुसरा टप्पा : मालकाकडून निधीकडे

मालकाची वैयक्तिक जबाबदारी या तत्त्वाला एक मर्यादा होती. मालक दिवाळखोर झाला, पळाला किंवा वर्षानुवर्षे न्यायालयात लढत राहिला, तर कामगाराच्या हाती काही येत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम सोपवण्यात आले. आडारकरांचा अहवाल १९४४ मध्ये सादर झाला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आकारास आला. फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे आणि १९५४ मध्ये नागपूर व मुंबई येथे योजना सुरू झाली.

या योजनेत मालक व कामगार दोघेही वर्गणी भरतात आणि लाभ महामंडळाच्या निधीतून मिळतो. आजारपणाच्या लाभासाठी ठरावीक काळ वर्गणी भरलेली असावी लागते. कामावरील दुखापतीमुळे येणाऱ्या अपंगत्वाच्या लाभाला मात्र अशी अट ठेवलेली नाही; नोकरीच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क उत्पन्न होतो. तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. कायम अपंगत्वात वैद्यकीय मंडळ कमावण्याच्या क्षमतेतील घट ठरवते व त्या प्रमाणात नियतकालिक रक्कम दिली जाते. या योजनेखालील विमाधारकाला त्याच दुखापतीसाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. म्हणजेच एक दार उघडले की दुसरे बंद होते. आपण विमाधारक आहोत की नाही, हे कामगाराला अपघातापूर्वीच ठाऊक असावे लागते ते यासाठी. वेतनाची कमाल मर्यादा २०१७ पासून दरमहा २१,००० रुपये आणि अपंग कर्मचाऱ्यांसाठी २५,००० रुपये अशी राहिली.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र शासनाने सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आणली. १९२३ आणि १९४८ चे दोन्ही कायदे या संहितेत विलीन झाले. घर ते कामाचे ठिकाण या प्रवासातील अपघातांनाही विशिष्ट अटींवर संरक्षण मिळाले. रद्द झालेल्या कायद्यांखाली झालेल्या कृतींना व्यावृत्ती-कलमाचा आधार आहे. कायद्याचे नाव बदलले असले तरी कमावण्याच्या क्षमतेतील घट हीच या मार्गाची मोजपट्टी कायम आहे.

तिसरा टप्पा : निराधार नागरिक

वरील दोन्ही मार्ग नोकरी असलेल्या माणसासाठी आहेत. जन्मतः अंध असलेली स्त्री, पोलिओ झालेला शेतमजूर किंवा झाडावरून पडून जायबंदी झालेला अल्पभूधारक यांच्यासाठी त्यांत काही नव्हते. महाराष्ट्र शासनाने १९८० मध्ये सुरू केलेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेने ही पोकळी काही प्रमाणात भरून काढली. विधवा, परित्यक्ता, अनाथ, दुर्धर आजाराने ग्रस्त आणि अपंग अशा सर्वांना या योजनेने एका छत्राखाली आणले.

येथे मोजपट्टी बदलली. पैसा राज्याच्या तिजोरीतून येत असल्याने अपंगत्वाबरोबरच गरिबी सिद्ध करणे आवश्यक ठरले. महाराष्ट्रातील किमान १५ वर्षांचे वास्तव्य, वयाचा पुरावा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र अशी कागदपत्रे जोडून अर्ज करावा लागतो. तहसील पातळीवर छाननी होते आणि तालुका समितीसमोर प्रकरणे ठेवली जातात. मंजुरीनंतरही दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. सर्वसाधारण लाभार्थ्यांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. दिव्यांगांसाठी ती पुढे ५०,००० रुपये करण्यात आली.

वर्षाला ५०,००० म्हणजे दरमहा सुमारे ४,१६७ रुपये. घरातील एका जरी व्यक्तीला किमान वेतनाचे नियमित काम असले तरी कुटुंब या मर्यादेच्या बाहेर जाते. त्यामुळे प्रौढ अपंग व्यक्तीचा हक्क तिच्या भावाच्या किंवा मुलाच्या मजुरीवर अवलंबून राहतो. औद्योगिक परिसरात या अटीचा परिणाम अधिक जाणवतो, कारण तेथे कंत्राटी का होईना, मजुरी मिळण्याची शक्यता असते.

अनुदानाची रक्कम एके काळी दरमहा ६०० रुपये होती. ती २०१९ मध्ये १,००० आणि २०२३ मध्ये १,५०० रुपये झाली. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ती २,५०० रुपये करण्यात आली. या शेवटच्या वाढीला कायदेशीर संदर्भ आहे. दिव्यांगांना सामाजिक सुरक्षा योजनांखाली मिळणारे साहाय्य इतरांसाठीच्या तत्सम योजनांपेक्षा किमान २५ टक्क्यांनी अधिक असावे, असे २०१६ च्या कायद्याचे कलम २४ सांगते. हा कायदा एप्रिल २०१७ मध्ये अमलात आला. त्यानंतरही आठ वर्षांहून अधिक काळ निराधार योजनेतील सर्व घटकांना समान रक्कम मिळत राहिली. कायद्यातील तरतूद आणि शासन निर्णय यांतील अंतर किती असू शकते, याचा हा नमुना आहे.

केंद्र शासनाची इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंगत्व निवृत्तिवेतन योजना २००९ मध्ये सुरू झाली. तिची अट याहून कडक आहे. दारिद्र्यरेषेखालील आणि ८० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीच तिच्यात बसतात. केंद्राचा मूळ वाटा २०१२ पासून दरमहा ३०० रुपये असा राहिला आहे.

चौथा टप्पा : चाळीस टक्क्यांची रेषा आणि हक्काची भाषा

चाळीस हा आकडा आला कोठून? केंद्रीय कल्याण मंत्रालयाने ऑगस्ट १९८६ मध्ये अपंगत्वाच्या समान व्याख्या जाहीर केल्या आणि सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाची अट घातली. प्रशासकीय सोयीसाठी आखलेली ही रेषा १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने विधिमान्य केली. त्या कायद्यात अंधत्व, क्षीण दृष्टी, कुष्ठरोगमुक्त, श्रवणदोष, हालचालींतील अपंगत्व, मतिमंदत्व आणि मानसिक आजार असे सात प्रकार होते. मूल्यमापनाची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे जून २००१ मध्ये प्रसिद्ध झाली.

संयुक्त राष्ट्रांच्या करारनाम्याला भारताने २००७ मध्ये अनुसमर्थन दिले. त्यानुसार २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला आणि प्रकारांची संख्या २१ झाली. या कायद्याने एक महत्त्वाचा भेद केला. दीर्घकालीन दोष आणि समाजातील अडथळे यांच्या परस्परसंबंधामुळे ज्याचा सहभाग खुंटतो, तो प्रत्येक जण दिव्यांग होय. मात्र आरक्षणासारख्या विशिष्ट लाभांसाठी ४० टक्क्यांचे लक्षणीय दिव्यांगत्व आवश्यक होय. समान वागणूक व वाजवी सोयीसुविधा हे हक्क ४० टक्क्यांच्या खालील व्यक्तीलाही आहेत. लेखनिक मिळण्याच्या प्रश्नावर फेब्रुवारी २०२१ मध्ये निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने हाच भेद अधोरेखित केला. परीक्षा घेणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाचा या निर्णयाशी थेट संबंध आहे.

दाखल्याची पद्धतही बदलत गेली. १९९६ च्या नियमांनुसार त्रिसदस्य वैद्यकीय मंडळापुढे जावे लागे. २००९ च्या दुरुस्तीने उघड दिसणाऱ्या अपंगत्वासाठी ही प्रक्रिया सोपी केली. महाराष्ट्रात २०१२ पासून संगणकीय प्रमाणपत्रे सुरू झाली आणि त्यानंतर देशपातळीवरील वैश्विक ओळखपत्राची पद्धत आली. ऑक्टोबर २०२४ च्या नियमदुरुस्तीने पोर्टलवरील अर्ज अनिवार्य केला. प्रमाणपत्र देण्याची मुदत एक महिन्यावरून तीन महिने झाली. ४० टक्क्यांखालील व्यक्तींना पांढरे, ४० ते ७९ टक्के असलेल्यांना पिवळे आणि ८० टक्के व त्यावरील व्यक्तींना निळे ओळखपत्र देण्याचे ठरले. अर्ज फेटाळल्यास कारणांसह लेखी कळवणे प्राधिकाऱ्यावर बंधनकारक आहे आणि कलम ५९ नुसार अपिलाचा हक्क आहे. खोट्या मार्गाने लाभ घेणाऱ्यास कलम ९१ नुसार दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

एकच आकडा, दोन अर्थ

या चारही टप्प्यांचा एकत्रित परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. तीस वर्षे वयाच्या, दरमहा १५,००० रुपये मजुरीच्या एका कामगाराचा अंगठा वाहक पट्ट्यात सापडून पूर्ण गेला असे समजू. भरपाईच्या मार्गाने ही ३० टक्के घट आहे. जानेवारी २०२० मध्ये वाढवलेल्या वेतनमर्यादेनुसार हिशेब असा होतो : मजुरीच्या ६० टक्के म्हणजे ९,००० रुपये, त्यास तीस वर्षांसाठीच्या २०७.९८ या गुणकाने गुणले असता १८,७१,८२० रुपये आणि त्याचे ३० टक्के म्हणजे ५,६१,५४६ रुपये. अंगठ्याविना त्याचा व्यवसायच बंद पडतो असे सिद्ध झाले तर १९७५ च्या निकालाच्या आधारे पूर्ण रकमेची मागणी करता येते.

हाच कामगार दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात गेला, तर तेथेही अंगठा गेल्याबद्दल साधारणतः ३० टक्केच नोंदवले जातात. आकडा तोच, पण तो ४० च्या खाली असल्याने निराधार अनुदान नाही आणि आरक्षणही नाही. एक डोळा गेलेल्याची गत तीच. भरपाईच्या तक्त्यात त्याला ४० टक्के मिळतात. प्रमाणपत्राच्या तत्त्वांनुसार दुसरा डोळा चांगला असल्यास ३० टक्के धरले जातात. निवृत्त सैनिकाच्या बाबतीत सर्वसाधारणपणे २० टक्क्यांची अट असते आणि अपंगत्व लष्करी सेवेमुळे आले किंवा वाढले, हा मुख्य प्रश्न ठरतो. म्हणजे देवळालीपासून एकलहऱ्यापर्यंतच्या पट्ट्यात २०, ४० आणि ८० या तीन रेषा आहेत आणि भरपाईच्या मार्गावर किमान रेषाच नाही.

एकाहून अधिक अपंगत्वे असल्यास बेरीज कशी करावी, याबाबतही गैरसमज आढळतो. मार्गदर्शक तत्त्वांनुसार मोठ्या आकड्यात लहान आकडा सरळ मिळवायचा नसतो. मोठा आकडा ९० मधून वजा करून उरलेल्या संख्येने लहान आकड्याला गुणायचे, ९० ने भागायचे आणि येणारी संख्या मोठ्या आकड्यात मिळवायची. ४० आणि ३० टक्के अशी दोन अपंगत्वे असल्यास एकूण ७० नव्हे, तर सुमारे ५७ टक्के होतात. ८० टक्क्यांच्या रेषेजवळ असलेल्या अर्जदाराला हे सूत्र ठाऊक नसेल, तर आपली टक्केवारी कोणीतरी कापली असेच वाटत राहते.

दाव्याचा भार

पात्रता असूनही दावा का बुडतो, याची कारणे या इतिहासातच दिसतात. भरपाईच्या दाव्यासाठी अपघातापासून दोन वर्षांची मुदत होती; पुरेशा कारणास्तव विलंब माफ करण्याचा अधिकार आयुक्तांना होता. अपघाताची माहिती मालकाला अन्य मार्गाने मिळालेली असेल, तर नोटिशीतील उणिवेमुळे दावा फेटाळता येत नसे. तरीही अपघाताची नोंद, त्या दिवसाचा हजेरीपट, मजुरीचा पुरावा आणि उपचाराची पहिली कागदपत्रे यांवरच सारे अवलंबून राहते. ही कागदपत्रे मालकाच्या, कंत्राटदाराच्या किंवा रुग्णालयाच्या ताब्यात असतात. ज्याचा दावा असतो त्याच्या हाती ती क्वचितच असतात.

दिव्यांगत्वाच्या मार्गावर भार वेगळ्या प्रकारचा आहे. चालता न येणाऱ्या माणसाला प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला आणि बँक खाते यांसाठी वेगवेगळ्या ठिकाणी जावे लागते. पोर्टलमुळे काही फेऱ्या वाचल्या, परंतु पोर्टल वाचता न येणाऱ्याला मध्यस्थ शोधावा लागतो. खोट्या प्रमाणपत्रांच्या तक्रारींमुळे पडताळणी वाढते आणि ती आवश्यकही आहे. मात्र त्या पडताळणीचा त्रास खोटा दाखला मिळवणाऱ्यापेक्षा खरा दाखला बाळगणाऱ्याला अधिक होऊ नये, ही जबाबदारी व्यवस्थेची आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. अपंगत्वाची पात्रता कोणत्याही काळात केवळ वैद्यकीय प्रश्न नव्हती. पैसा कोण देतो यावर पात्रतेचा निकष ठरत गेला. मालक देतो तेथे मजुरी मोजली गेली, निधी देतो तेथे विमाधारकत्व आणि तिजोरी देते तेथे दारिद्र्य.

२. नवा कायदा आला म्हणून जुनी मोजपट्टी गेली असे झाले नाही. १९२३ ची कमावण्याची क्षमता, १९८० चे निराधारत्व आणि २०१६ चा हक्क हे तिन्ही विचार आज एकाच वेळी लागू आहेत. ‘टक्के’ हा शब्द तिन्हींकडे समान असला तरी त्याचा अर्थ समान नाही.

३. न्यायालयांनी शरीराच्या टक्केवारीऐवजी कामावरील परिणाम पाहण्याचा आग्रह धरला. प्रमाणपत्राच्या व्यवस्थेत हा विचार अद्याप पुरेसा उतरलेला नाही. ४० च्या खाली राहिलेल्या कष्टकऱ्याची सर्वाधिक हानी येथेच होते.

४. या भिन्न मोजपट्ट्यांचा अन्वयार्थ लावण्याचे ओझे अर्जदारावर पडले आहे. ते हलके करणे स्थानिक पातळीवर शक्य आहे. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांग कल्याणासाठी खर्च करावयाची असते. या रकमेतून केवळ वस्तुवाटप न होता अर्ज, अपील व कागदपत्रे यांसाठी साहाय्य मिळाले, तर तिचा उपयोग अधिक टिकाऊ होईल. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजना विभागांना आणि विधी व समाजशास्त्र शाखांच्या विद्यार्थ्यांनाही या कामात स्थान आहे. नाकारलेल्या अर्जाचे लेखी कारण मागणे आणि मुदतीत अपील दाखल करणे, एवढे साहाय्यही एखाद्या कुटुंबाच्या दृष्टीने निर्णायक ठरू शकते.

एकलहऱ्यासारख्या गावाने गेल्या अर्धशतकात राज्याला वीज पुरवली. त्या विजेमागच्या श्रमांत ज्यांचे हात, डोळे आणि कान खर्ची पडले, त्यांना कोणत्या कार्यालयात कोणता आकडा चालतो याचा शोध स्वतःच घ्यावा लागणे योग्य नव्हे. शंभर वर्षांत कायद्यांनी हक्क वाढवले हे निःसंशय. तो हक्क दाव्याच्या रूपाने पदरात पडेपर्यंतचा मार्ग सुकर करणे, हे कार्य अद्याप शिल्लक आहे.